गोव्यात विहीर आणि व्हाळ कसा मोजायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिन्यात मला दोन-तीन तरी फोन येतात. कॉलेजातलं कुणीतरी असतं, "दादा, प्रोजेक्टला भूजल घेतलंय, सुरुवात कुठून करू?" नाहीतर शाळेतल्या एखाद्या बाई असतात, त्यांना मुलांकडून काहीतरी करून घ्यायचं असतं, आणि बहुतेकांना वाटतं की आधी कुठलंतरी महागडं मशीन लागणार. मी सांगतो टेप आण, खडू आण, वही आण आणि एक वर्ष काढ. टेप-खडू सगळे आणतात, वर्षाचं नाव काढलं की फोनवर शांतता.

वर्ष का लागतं ते आधी सांगतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, सत्तरीत वाळपईकडे त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. एवढा पडूनही एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात आणि वाड्यावर टँकर फिरतो. ह्याला कारण पायाखालचा चिरा. घर बांधायला वापरतो तोच जांभा, त्याला भोकं असतात, पाऊस त्यात भसकन शिरतो, खाली मऊ चिकट मातीचा थर लागला की तिथे अडतो आणि आडवा सरकत सड्याच्या (चिऱ्याच्या पठाराच्या) कडेला झर होऊन फुटतो. झरीचं पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, व्हाळाचं म्हादईत (खाली तीच मांडवी) नाहीतर जुवारीत, तिथून समुद्रात. म्हणजे नोव्हेंबरात पावसाचा थेंब नसताना तुमच्या घराखालच्या व्हाळात जे खळखळतंय ते वरच्या विहिरींचंच पाणी आहे. म्हणून नुसती विहीर मोजू नका आणि नुसता व्हाळही मोजू नका, दोन्ही बरोबर मोजा, आणि पाऊस पण. एका वहीत हे तीन आकडे शेजारी-शेजारी यायला लागले की झालं संशोधन सुरू.

जागा निवडताना

इथे लोक घाई करतात आणि वर्ष फुकट जातं. माझंच गेलंय. पहिल्या वर्षी मी नदीकाठची एक छान जागा बघितली, साकव (छोटा पूल) होता, उभं राहायला सावली, सगळं मस्त. दोन महिने आकडे घेतले, एका रविवारी बाटली सोडली तर ती खाली जायच्या ऐवजी हळूहळू वरच्या बाजूला निघाली. भरती. मांडवी-जुवारीत भरतीचा परिणाम समुद्रापासून ४०-५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो, त्यामुळे तुम्ही फोंड्यात डोंगराच्या पायथ्याशी असलात तरी नदीचं पाणी समुद्राचं ऐकत असू शकतं. तेव्हा जागा ठरवायच्या आधी एक पूर्ण दिवस तिथे काढा, दर तासाला पाण्याची उंची बघा. कोरड्या दिवशी चढ-उतार दिसला तर अजून वर सरका.

दुसरं बघायचं ते बंधारे. पावसाळा संपला की बऱ्याच व्हाळांवर फळ्या घालून पाणी अडवतात. तुमची जागा अशा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर तुम्ही मोजताय ते साठलेलं पाणी, वाहतं नव्हे. तिसरं, वरच्या अंगाला कुळागरं (माड-पोफळीच्या बागा) असतील तर पाटाची पाळी कुणाची, कधी असते ते विचारून घ्या. मला एकदा व्हाळ सकाळी निम्म्यावर आलेला दिसला, मी मोठा शोध लागल्यासारखा वहीत लिहून ठेवला. संध्याकाळी कळलं की वरच्या काकांनी पाणी माडांना लावलं होतं.

विहीर निवडताना उघडी, बांधलेली, आणि जिचा मालक तुम्हाला दर आठवड्याला येऊ देईल अशी बघा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. शक्यतो अशी विहीर घ्या जी व्हाळाच्या वरच्या उतारावर आहे. आणि बोअरवेल आणि उघडी विहीर एकाच ग्राफवर टाकू नका, उघड्या विहिरीत चिऱ्यातलं पाणी असतं आणि बोअर त्याच्या खाली कठीण दगडातल्या फटींपर्यंत गेलेली असते, दोघांचं वागणं वेगळं. खाणपट्ट्यातले असाल, डिचोली, सांगे, सत्तरी, तर जवळ खाणीचा खड्डा आहे का तेही लिहून ठेवा. खनिज काढताना खड्डे पाण्याच्या पातळीच्या खाली नेले की आत येणारं पाणी सतत उपसावं लागतं, त्याने आजूबाजूच्या विहिरी उतरू शकतात, आणि काम थांबलं की तेच खड्डे तळ्यासारखे भरतात. तुमच्या विहिरीच्या आकड्यात हे सगळं येणार.

पाऊस

हा भाग सोपा आहे. सरळ उभ्या भिंतीचं, सपाट तळाचं भांडं घ्या, वर-खाली एकाच रुंदीचं, उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि पागोळीपासून लांब. स्टीलची पट्टी घालून मिमीमध्ये मोजा. रोज सकाळी ८:३० ला, कारण हवामान खातं त्याच वेळेला मोजतं, मग तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळवता येतो. भांडं किमान ४० सेंटीमीटर खोल असू दे, जुलैमध्ये एका दिवसात २०० मिमी पडायला आपल्याकडे वेळ लागत नाही, आणि भांडं ओसंडून वाहिलं की त्या दिवसाचा आकडा गेला. प्लास्टिकची बाटली कापून पण चालते पण तिचा तळ खाचाखाचांचा असतो, आधी थोडं पाणी ओतून तळ बुडवा, पट्टी लावा आणि तिथून शून्य धरा. लक्षात ठेवायला एकच: १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर.

विहीर

आता मुख्य काम. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने बाण काढा. आयुष्यभर तिथूनच मोजायचं, पलीकडून नाही, दोन वीत बाजूने नाही, कारण जुने कठडे कधीच लेव्हलमध्ये नसतात. जमिनीपासून ह्या बाणाची उंची एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

स्टीलचा टेप घ्या, टोकाला छोटं वजन बांधा. खालच्या एक मीटरला खडू घासा, निळा असेल तर उत्तम, ओला झाला की लगेच गडद दिसतो. टेप सोडा, वजन पाण्यात बुडू दे, आणि बाणाशी टेपचा एखादा पूर्ण आकडा धरा, समजा ७.०० मीटर. वर ओढा, खडू कुठपर्यंत भिजलाय बघा. समजा ०.३८ भिजलाय. मग बाणापासून पाणी ६.६२ मीटर. कठडा ०.८५ उंच असेल तर जमिनीपासून ५.७७. लगेच दुसऱ्यांदा करा, दोन आकड्यांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी हात थरथरतो, टेप दगडाला घासतो, खडू आधीच भिजतो, कंटाळा येतो. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मालकिणीशी गप्पा मारता-मारता घेऊन टाकता.

वेळ पहाटेची, पंप लागायच्या आधी. ह्याचं गणित एकदा करून बघा म्हणजे पटेल. तीन मीटर व्यासाच्या विहिरीचा आडवा भाग सुमारे ७ चौरस मीटर. वरची १००० लिटरची टाकी भरली की पाणी १४ सेंटीमीटर उतरलं. हा उतार भूजलाचा नव्हे, टाकीचा. अर्थात त्यातूनही मजा काढता येते, पंप बंद झाल्यावर दर पाच मिनिटांनी पातळी लिहा, एक-दोन तास बसा, आणि विहीर किती वेगाने परत भरते ते बघा. एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये हाच प्रयोग करा, एकच विहीर आहे ह्यावर विश्वास बसत नाही.

किती वेळा मोजायचं? केंद्रीय भूजल मंडळ त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं, जानेवारी, पावसाच्या आधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. सगळ्या देशाचं चित्र काढायला ते ठीक, पण आपला चिरा इतका चंचल की सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळात काय झालं ते त्या चार आकड्यांत नीट पकडता येत नाही. तुम्ही आठवड्याला एकदा मोजलंत तर तुमच्या विहिरीबद्दल तुमच्याकडे जे असेल ते त्यांच्याकडेही नसेल. इतर वेळी आठवड्याला एक चालेल, पण मिरग लागल्यावर पहिला महिना आणि पाऊस गेल्यावर पहिला महिना दोन दिवसांनी घ्या.

व्हाळ

आधी सेफ्टी, कारण ह्यात चेष्टा नको. जून-जुलैत व्हाळात उतरायचं नाही, बस. तुमच्याकडे ऊन असेल आणि वर घाटात कोसळत असेल, पाणी दहा मिनिटांत मांडीपर्यंत येतं. एकट्याने जायचं नाही. पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यात जाऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. सत्तरीच्या रानात जाणार असाल तर जवळच्या आरोग्य केंद्रात माकडतापाची चौकशी करून जा, गोचिडीपासून होतो तो. आणि विहिरीत तर कुठल्याही कारणाने उतरू नका, टेप पडला तर नवीन घ्या, खालच्या हवेत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

पावसाळ्यात मग काय करायचं, तर साकवाच्या खांबावर उन्हाळ्यातच पट्टी रंगवून ठेवायची, शून्य तळाशी, दर पाच सेंटीमीटरला रेघ, दर दहाला आकडा. पावसात वरून बघून फक्त उंची लिहायची. ऑक्टोबरात पाणी शांत झालं की उतरून प्रवाह मोजायचा आणि त्या वेळची पट्टीवरची उंची शेजारी लिहायची. असे वेगवेगळ्या उंचीचे आठ-दहा प्रवाह जमले की उंची-प्रवाहाचा वक्र काढता येतो, त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात, आणि मग नुसती उंची बघून प्रवाह सांगता येतो. पुराच्या उंचीपर्यंत तो वक्र ओढत न्यायचा मोह होतो. नेऊ नका, जिथपर्यंत प्रत्यक्ष मोजलंय तिथपर्यंतच तो खरा. मोठा पूर आला की तळ खरवडला जातो, मग वक्र परत काढायचा, हे काम कुणालाच आवडत नाही.

प्रवाह मोजायची साधी पद्धत: व्हाळाचा सरळ, फार खडक नसलेला ५ मीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना दोरी ताणा. रुंदी मोजा, आणि दोरीखाली दर ३० सेंटीमीटरला खोली मोजून सरासरी काढा. आता अर्धी पाण्याने भरलेली छोटी बाटली वरच्या दोरीच्या थोडं आधी सोडा, एका दोरीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाईलवर घ्या. थर्माकोल नको, वारा त्याला ढकलतो. संत्रं पण छान, पण आमच्याकडे पोरं प्रयोग संपायच्या आधी ते खाऊन टाकतात. कडेला, मध्ये, पलीकडे असं मिळून दहा वेळा सोडा आणि सरासरी घ्या.

समजा रुंदी २.४ मीटर, सरासरी खोली ०.२२, म्हणजे आडवा छेद ०.५३ चौरस मीटर. ५ मीटरला सरासरी १४ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ०.३६ मीटर. पण हा वरचा वेग, तळाशी दगड पाण्याला अडवतात, म्हणून त्याला ०.८ ने गुणा, तळ फारच खडकाळ असेल तर ०.७. उत्तर आलं सेकंदाला साधारण ०.१५ घनमीटर, म्हणजे १५० लिटर. दिवसाचं केलं तर सुमारे १ कोटी ३० लाख लिटर. एवढ्याशा व्हाळातून! मी पहिल्यांदा हे काढलं तेव्हा दोनदा कॅल्क्युलेटर बघितला.

मार्चमध्ये पाणी इतकं कमी होतं की बाटली दगडाला अडते. मग बादली. जिथे पाणी एका धारेत पडतं तिथे १५ लिटरची बादली धरा, धार नसेल तर माती-दगडाचा छोटा बांध घालून त्यातून पाइप काढा. ९ सेकंदांत भरली तर दिवसाचे १ लाख ४४ हजार लिटर. बादलीची ही पद्धत सगळ्यात अचूक आहे, गंमत म्हणजे हीच लोकांना कमी दर्जाची वाटते. थोडं हौसेने करायचं असेल तर पत्र्यात ९० अंशाची व्ही आकाराची खाच कापून बांधात बसवा, खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते थोडं मागच्या बाजूला मीटरमध्ये मोजा, त्याचा अडीचवा घात करा आणि १.३८ ने गुणा, घनमीटर प्रति सेकंद मिळतात. १० सेंटीमीटर उंचीला सेकंदाला साधारण ४.४ लिटर येतात, ह्यावरून तुमचं गणित बरोबर आलं का ते ताडून बघा.

खारेपणा

किनाऱ्याजवळ किंवा खाजनाजवळ (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीजवळ) राहत असाल तर एक ईसी मीटर घ्या, पेनाएवढा असतो. पाण्यातून वीज किती जाते ते सांगतो, मीठ जास्त तितका आकडा मोठा. समुद्राचं पाणी ५०,००० मायक्रोसिमेन्सच्या आसपास असतं, चिऱ्यातल्या चांगल्या विहिरीचं काही शेकड्यांत किंवा त्याहूनही कमी. आकड्याला ०.६५ ने गुणलं की विरघळलेले क्षार मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये अंदाजे मिळतात, पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चांगलं. मार्च ते मे महिन्यात भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळं मोजा. बांध फुटलाय किंवा मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार नीट लागत नाही हे पंचायतीत कळायच्या आधी शेजारच्या विहिरीत कळू शकतं.

किनाऱ्यावर अजून एक हिशोब डोक्यात ठेवा. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी सापडतं. आता उलटं करा, उपशाने पातळी फक्त एक हात खाली आली तर खालून खारं पाणी किती वर येईल.

वर्ष झाल्यावर

मोठ्या ग्राफपेपरवर वरून खाली लटकणारे पावसाचे खांब काढा, मध्ये विहिरीची रेघ, खाली व्हाळाची. एक्सेलमध्ये होतंच, पण पहिल्यांदा हाताने काढा असं माझं म्हणणं, हाताने काढताना चुकीचे आकडे टोचतात. काय शोधायचं? पाऊस सुरू झाल्यावर किती दिवसांनी विहीर उठली. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमाराला ती कुठे पोचली. पाऊस थांबल्यावर विहीर आणि व्हाळ एकाच चालीने उतरतात का. आमच्याकडे उतरतात, पहिले दोन-अडीच महिने धाडधाड आणि मग हळू, आणि शिगम्यापर्यंत (होळीच्या सुमारापर्यंत) दोघांचाही जीव गेलेला असतो.

आता थोडं गणित. समजा मे अखेर पाणी जमिनीपासून ९.१ मीटरवर होतं आणि ऑगस्टमध्ये १.९ वर आलं. चढ ७.२ मीटर. पण चिऱ्याचा सगळा भाग पाणी नसतो, सोडता येण्यासारखं पाणी त्याच्या आकारमानाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास धरतात, ह्याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. ७.२ ला ०.०२५ ने गुणलं तर १८० मिमी. म्हणजे पडलेल्या पावसापैकी जमिनीत शिल्लक राहिलं एवढंच. दुसरा रस्ता, जांभ्यात पावसाच्या सुमारे ७ टक्के मुरतं असं सरकारी अंदाजपद्धतीत धरतात, ३००० चे झाले २१०. दोन उत्तरं वेगळी आली म्हणून घाबरू नका, ऑफिसातल्या लोकांची पण वेगळीच येतात. मुख्य कारण तुमच्याच वहीत आहे: विहीर भरत असताना व्हाळ गप्प बसलेला नसतो, जून ते ऑगस्ट तो मुरलेलं पाणी ओढून नेत असतो, ते विहिरीच्या चढात दिसत नाही. शिवाय अडीच टक्के आणि सात टक्के हे दोन्ही सरासरी आकडे, तुमच्या सड्याचे वेगळे असू शकतात.

आकडे ताडून बघायला इंडिया-डब्ल्यूआरआयएस ह्या सरकारी साइटवर विहिरींची माहिती बघता येते. म्हादईवर गांजे इथे केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. असले प्रवाहाचे आकडे किती वजनदार असतात ते म्हादईच्या पाणीवाटपाच्या तंट्यात कळलं, २०१८ च्या निवाड्यात लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं, आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २८३१ कोटी लिटर. तुमच्या व्हाळाचे दिवसाचे १ कोटी ३० लाख लिटर त्याच्यापुढे ठेवून बघा, म्हणजे बातमीतला पॉइंटनंतरचा आकडा पण केवढा असतो ते समजेल.

कागदपत्रांचं म्हणाल तर नुसतं मोजायला मालकाची तोंडी परवानगी पुरते, पण प्रयोगासाठी का होईना नवी विहीर किंवा बोअर मारायची कल्पना डोक्यात आली तर गोव्यात २००२ चा भूजल कायदा आहे, आधी परवानगी. आणि ज्यांच्या विहिरीवर वर्षभर गेलात त्यांना ग्राफची एक कॉपी द्या. आमच्या शेजारच्या मावशींनी तो फ्रीजवर चिकटवलाय, डिसेंबरात त्याच्यावर बोट ठेवून सून-मुलाला सांगतात, टाकी आता एकदाच भरायची.

दुसरं वर्ष सुरू करणार असाल तर मे संपायच्या आत कठड्यावरचा बाण आणि साकवावरची पट्टी परत रंगवून घ्या, गेल्या पावसात शेवाळ धरून पुसट झालेली असते, आणि ओल्यावर ऑइलपेंट बसत नाही.